हात अर्ध्यातून मागे घ्यायचा नाही

सावनीची मीटिंग चालू होती आणि तिच्या राउटरवर अजगर बसला होता.

ऑगस्ट महिना, म्हणजे मेलबर्नचा ऐन हिवाळा. शहराच्या पश्चिमेला ट्रुगानिनाची नवी वसाहत आहे, जिथे घरं झाडांच्या आधी उगवतात. तिथल्या एका टाउनहाउसमध्ये सावनी गेले काही महिने एकटी राहत होती. घरातली मैत्रीण नीलिमा मार्चमध्ये चुलतबहिणीच्या लग्नाला म्हणून पुण्याला गेली आणि सीमा बंद झाल्यावर तिथेच अडकली. लग्नही झालं नाही. सावनी सकाळी उठायची, लॅपटॉपसमोर बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटून त्याच खुर्चीवर बसून राहायची. त्या गारठलेल्या घरात सगळ्यांत उबदार वस्तू राउटर होती. हे तिच्याआधी अजगराला कळलं, एवढंच.

चांगला दोन मीटर लांब. तपकिरी अंगावर पिवळट नक्षी, जुन्या सतरंजीसारखी. राउटरला वेढे घालून त्याने डोकं वरच्या अँटेनाला टेकवलं होतं. इंटरनेट व्यवस्थित चालू होतं.

"सावनी, यू आर ऑन म्यूट," मॅनेजर म्हणाला.

ती म्यूटवर नव्हती. तिच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

अशा वेळी कौन्सिलला फोन करतात. सावनी ठाण्याची. तिने 'ट्रुगानिना मराठी परिवार' या ग्रुपवर लिहिलं, 'घरात साप निघालाय. कुणाकडे सर्पमित्राचा नंबर आहे का?' आपल्याकडे गावोगावी एक सर्पमित्र असतो आणि त्याचा नंबर कुणातरी काकूंकडे असतो. समुद्र ओलांडला म्हणून ही व्यवस्था बदलत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. ग्रुपही तिच्याच मातीतला. अजितने लिहिलं, 'फोटो पाठवा.' मीनाक्षीताईंनी लिहिलं, 'श्रावण आहे गं, मारू नका.' मग कुणीतरी हळदीच्या काढ्याची कृती टाकली. ती बहुधा आधीच्या विषयाची होती.

आणि मग एका अनोळखी नंबरवरून तिला थेट मेसेज आला. 'हात लावू नका. हलू नका. फक्त नजर ठेवा. माझाच आहे. शेजारीच राहतो, येतोय.'

दारात उभा राहिलेला माणूस तिशीतला होता. निळा मास्क, विस्कटलेले केस, हातात लोखंडी आकडा आणि उशीचा अभ्रा.

"मी शार्दूल. शार्दूल दाते. आत येऊ का? म्हणजे... एकमेकांच्या घरी जायला बंदी आहे सध्या. नियमात बसत नाही."

"अजगर बसतो नियमात?"

"त्याचा परवाना आहे," शार्दूल अत्यंत गंभीरपणे म्हणाला.

तो आत आला. राउटरपाशी गेला. आकड्याच्या गोल टोकाने त्याने अजगराच्या अंगाला हलकेच स्पर्श केला, दार वाजवल्यासारखा. क्षणभर थांबला. मग बाजूने, अगदी सावकाश, दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले.

"चला, केविनराव. लोकांकडे असं न सांगता जायचं नसतं."

अजगर त्याच्या मनगटावरून बाहीत, बाहीवरून खांद्यावर, बस पकडायची घाई नसलेल्या माणसासारखा चढत गेला. सावनी भिंतीला चिकटून उभी होती. मास्कमुळे त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त डोळे... आणि हात. इतके शांत हात तिने कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. तेव्हा सगळ्यांचेच हात सतत काहीतरी पुसत असायचे.

"आपल्या गॅरेजच्या मधल्या भिंतीला वर फट आहे," तो म्हणाला. "माझीच चूक. त्याच्या टाकीच्या झाकणाची कडी घालायची राहिली. सॉरी हं... खूप घाबरलात?"

"नाही," सावनी म्हणाली आणि खाली बसली.

—

पुढे कुंपण कामाला आलं. मागच्या अंगणात दोघांच्या मध्ये छातीएवढं लाकडी कुंपण होतं आणि सरकारने सांगितलेलं दीड मीटर अंतर त्याच्यामुळे आपोआप पाळलं जाई. दुपारच्या चहाला दोघं आपापले कप घेऊन आपापल्या बाजूला उभी राहू लागली. पहिल्या दिवशी 'तुम्ही' होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, दोघंही आत गेली नाहीत, आणि 'तुम्ही' बहुधा त्या पावसातच वाहून गेलं.

"केविन हे काय नाव आहे रे सापाचं?"

"आधीच्या मालकाने ठेवलं. ऑफिसमधला मित्र. पर्थला गेला, जाताना देऊन गेला. त्याच्या काकांचं नाव म्हणे."

"काका असे होते?"

"शांत होते म्हणाला. जेवले की आठवडाभर बोलायचे नाहीत."

शार्दूल नाशिकचा. इंजिनिअर, कंपनीने तात्पुरत्या व्हिसावर आणलेला. कॉलेजात असताना तो खरोखरच सर्पमित्र होता. मोटरसायकल, गोणी आणि घरचा लँडलाइन नंबर. तो बाहेर असला की फोन आई घ्यायची. तिला स्वतःला झुरळाचीही भीती. पण फोनवर तिचा आवाज असा असे, की पलीकडचा गळाठलेला माणूस खुर्चीवरून खाली उतरायचा. "हात लावू नका. हलू नका. फक्त नजर ठेवा त्याच्यावर. मुलगा निघालाच आहे."

"तूच तर मला मेसेज केलास तसा," सावनी म्हणाली.

"तिचीच वाक्यं आहेत ती." शार्दूलने कपातला राहिलेला चहा गवतावर ओतला. "जूनमध्ये गेली. कोविड. मी... मोबाइलवर पाहिलं सगळं. मध्येच रेंज गेली. आमच्या शेजारच्या राजीवकाकांनी पुन्हा फोन लावला तोवर झालं होतं."

कुंपणाला त्या वेळी काही काम नव्हतं, तरी ते मध्ये होतंच. सावनीने त्यावर हात ठेवला. त्यानेही ठेवला, जरा लांब.

आता नाशिकच्या घरी वडील एकटे होते. मुरलीधर दाते, निवृत्त मुख्याध्यापक. रोज फोनवर "मी मस्त आहे, तू येऊ नकोस" म्हणायचे आणि रोज आदल्या दिवसापेक्षा थोडे हळू म्हणायचे. शार्दूलला जायचं होतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला देश सोडायला कुणीही अडवत नव्हतं; परत येऊ देतील की नाही आणि कधी, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

"मग जात का नाहीस?" सावनीने विचारलं.

"केविनचं काय करू? त्याला धरता येणारं माणूस हवं. घाबरत घाबरत धरणाऱ्याकडे नाही ठेवता येत. तो चावेल असं नाही... पण तोही घाबरतो ना मग."

—

सप्टेंबरात सरकारला दया आली. एकट्या राहणाऱ्या माणसाला एका, फक्त एकाच माणसाला घरी बोलवायची मुभा मिळाली. तिला 'सिंगल सोशल बबल' असं नाव होतं. नाव ठेवणाऱ्यांनी बहुधा कधी कुणाला मागणी घातली नसावी.

त्या दिवशी शार्दूल कुंपणाशी आला तो दाढी करून.

"तू एकटी राहतेस ना?"

"हा प्रश्न सरकारी आहे की खाजगी?"

"सरकारी... आहे तसा. म्हणजे ते बबल. एकाच माणसाचं नाव ठरवायचं असतं. मी म्हटलं, तू कुणाला सांगितलं नसशील तर... केविनसाठी. तू शिकलीस तर मला जाता येईल."

"म्हणजे मला मागणी केविनने घातलीय."

"मी त्याचं म्हणणं पोचवतोय."

"त्याला सांग, मी विचार करते," सावनी म्हणाली. घरात शिरून दार लावलं, पाच श्वास घेतले, पुन्हा दार उघडलं. तो अजून तिथेच उभा होता. "झाला विचार."

तिने परवाना काढला आणि केविनची काचेची टाकी तिच्या घरी आली. या राज्यात साप पाळायला परवाना लागतो. नवरा पाळायला लागत नाही, म्हणून तिकडे अपघात जास्त होतात.

पहिला धडा पाच मिनिटांत संपला.

"आज जेवायला काय केलं होतंस?" शार्दूलने दारातच विचारलं.

"का? जेवायला येणार होतास?"

"हात बघू." त्याने तिची बोटं नाकाशी नेली. "बोंबील?"

"सुके. नीलिमाने डब्यात ठेवले होते. पण मी साबणाने..."

"मला वास येतोय म्हणजे केविनला जाहिरात दिसतेय. आज लांबूनच बघायचं. तो रागाने चावत नाही गं, सावनी. चावतो तो एक तर घाबरून, नाही तर जेवण समजून. आपण दोन्ही व्हायचं नाही. झालं."

बाकीचे धडे त्याने असेच दिले, कमी शब्दांत. आधी आकड्याने स्पर्श, म्हणजे ही जेवणाची वेळ नाही हे त्याला कळतं. वरून हात न्यायचा नाही. वरून घार येते. बाजूने जायचं, अंगाच्या मधोमध. आवळायचं नाही, आधार द्यायचा. जेवल्यावर दोन-तीन दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही. डोळे दुधी झाले की कात टाकणार, तेव्हाही नाही. चावलाच तर ओढायचं नाही, दात आतल्या बाजूला वळलेले असतात. थंड पाण्याखाली धरायचं आणि तो सोडेपर्यंत थांबायचं.

"आणि मुख्य म्हणजे, हात घातलास की घातला. अर्ध्यातून मागे घ्यायचा नाही. अर्ध्यातून मागे घेतलेला हात त्याला पळणाऱ्या उंदरासारखा दिसतो."

"आणि माणसांना?"

शार्दूलने तिच्याकडे पाहिलं. मग केविनकडे पाहिलं. "माणसांचं मी अजून शिकतोय," तो म्हणाला.

सुरुवातीला तो तिच्या हाताखाली स्वतःचा हात ठेवायचा. खरखरीत, उबदार तळवा. वर अजगर, खाली शार्दूल, मध्ये तिची बोटं. दोघांपैकी कुणामुळे छातीत धडधडतंय, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

आणि एका दुपारी ते झालं. खिडकीतून वसंतातलं पहिलं धड ऊन आत आलं होतं. केविन तिच्या कोपरापर्यंत आला आणि तिथेच थांबला, जिभेने तिच्या मनगटाची चौकशी करून निवांत पडला. ओला, गिळगिळीत असेल असं ती जन्मभर समजत आली होती. तो कोरडा होता. जड होता. त्याच्या अंगातून एक संथ लाट जात होती, झोपलेल्या माणसाची जाते तशी. सावनीच्या लक्षात आलं, की शार्दूलचा हात खाली नाहीये. बऱ्याच वेळापासून नसावा. आणि तिला भीती वाटत नाहीये. नुसती सापाचीच नाही. गेले काही महिने छातीवर बसलेलं जे काही होतं, त्याचीसुद्धा.

"बघ," शार्दूल हळूच म्हणाला. तो हसत होता, पण आवाज हसत नव्हता. "जमलं तुला. आता... आता मी तिकीट बघायला हरकत नाही."

सावनी किंचाळली.

हात झटकन मागे घेतला, केविनला त्याच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच. कॉलेजच्या एकांकिकेत तिला अशीच किंकाळी मारायची होती. तेव्हा दिग्दर्शकाने 'मनापासून येत नाही' म्हणून ते काम दुसरीला दिलं होतं.

"काय झालं?"

"तो... हलला एकदम."

"बरं," शार्दूल म्हणाला. "बरं. घाई नाही. उद्या पुन्हा."

—

उद्या पुन्हा, आणि परवा पुन्हा. सावनी घाबरत राहिली. कधी आकडा पाडला, कधी डोळे मिटले, कधी अगदी शेवटच्या क्षणी मागे सरली. शार्दूल न कंटाळता पहिल्यापासून सुरू करायचा. केविनने कात टाकली. शार्दूलने ती अखंड, पारदर्शक कात तिला ओढणीसारखी दोन्ही हातांवर धरून दाखवली, आणि तिने ठरल्याप्रमाणे अंग चोरलं.

एकदा धडा चालू असताना नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक गृहस्थ कपाळापासून वरच तेवढे दिसत होते.

"बाबा, फोन खाली करा जरा. ही सावनी. शेजारची." फोन खाली आला तशी वाढलेली पांढरी दाढी दिसली.

"नमस्कार, काका."

"नमस्कार, नमस्कार. तुम्हीच का त्या शिकणाऱ्या? केविनराव जेवले का?"

"रविवारी जेवले, काका. आता पुढच्या रविवारी."

"माझ्यापेक्षा बरं आहे त्यांचं," मुरलीधरपंत म्हणाले. "आमच्याकडे अजून फोन येतात हो. साप निघाला म्हणून. नंबर जुनाच आहे ना. मी सांगतो, त्या नाहीत आता... पण लोक घाबरलेले असतात. मग मी विचारतो, साप कुठे आहे, केवढा आहे. असा कसा फोन ठेवून द्यायचा?" ते जरा थांबले. "आमचा शार्दूल सापाला घाबरत नाही असं सगळे म्हणतात. या घरी फोन करताना मात्र आधी तीनदा घसा खाकरतो. मला ऐकू येतं."

शार्दूल केविनची पाण्याची वाटी भरायला उठून गेला.

त्या दिवसापासून सावनीला झोप लागेनाशी झाली. आपण एकेक दुपार चोरतोय ती कुणाची, हे तिने आता पाहिलं होतं. त्याला पांढरी दाढी होती आणि त्याला फोन धरता येत नव्हता. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची. मग उद्या शार्दूल यायचा, दारात बूट काढता काढता, दुपारला इथल्यासारखं 'आर्वो' म्हणत, सांगायचा, "आर्वोला मस्त ऊन पडलंय, केविनला अंगणात नेऊ या?" आणि ती आकडा शोधायला उठायची.

—

ऑक्टोबरच्या मध्यात, एका रविवारी, फोन पुन्हा आला. केविनच्या जेवणाचा दिवस. शार्दूलने फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात घातला होता, चिमट्याने उचलून नुकताच ताटलीत ठेवला होता. फोन वडिलांचा नव्हता. राजीवकाकांचा होता. त्याने स्पीकरवर टाकला.

"शार्दूल, घाबरू नकोस. बाबा ठीक आहेत. हात मोडलाय फक्त."

"हात? कसा?"

"अरे, साप धरायला गेले होते." काकांचा आवाज रागावल्यासारखा होता, पण तो राग नव्हता. "सकाळी कुणाचा तरी फोन आला. मागच्या गल्लीतला. यांनी सांगितलं, मुलगा इथे नाही, थांबा, मीच येतो. काठी घेऊन गेले. धामण होती नशिबाने. पायरीवरून पडले. मी म्हटलं, अण्णा, या वयात काय हे? तर म्हणतात, ती असती तर माणूस पाठवल्याशिवाय राहिली नसती."

फोन संपल्यावर शार्दूलने तो खिशात टाकला. मग काहीतरी करायला हवं म्हणून तो टाकीकडे वळला. आत पाण्याची वाटी कलंडली होती. ती उचलायला त्याने हात घातला. आकडा नाही, स्पर्श नाही. वरून... आणि बोटांना उंदराचा वास.

सावनीने "शार्दूल" म्हणेपर्यंत केविनने झेप घेतली होती. अंगठ्याच्या खाली दात रुतले, आणि पुढच्या क्षणी दोन वेढे मनगटाभोवती आवळले. आयुष्यात नाग धरलेला माणूस नवशिक्यासारखा हात ओढू लागला.

"ओढू नकोस," सावनी म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. स्थिर, थोडासा हुकमी. अशा आवाजात फोन घेणाऱ्या बाईला ती कधी भेटली नव्हती. तिने एका हाताने केविनचं उरलेलं अंग पेललं, दुसऱ्याने शार्दूलचं कोपर धरलं आणि दोघांना किचनच्या सिंकपाशी आणलं. थंड पाण्याचा नळ सोडला. "हात सैल सोड. बघू नकोस तिकडे. माझ्याकडे बघ." शेपटीच्या टोकापासून तिने एकेक वेढा उलगडायला घेतला, न घाई करता, गुंतलेली लोकर सोडवावी तसा. पाणी वाहत राहिलं. ती तिघं उभी राहिली. मग केविनला आपली चूक उमगली असावी. त्याने जबडा उघडला, दात सोडवून घेतले आणि ओशाळल्यासारखा तिच्या दंडावर चढला.

तिने त्याला टाकीत नेऊन ठेवलं. झाकण लावलं. कडी घातली. परत येऊन साबण घेतला आणि शार्दूलचा तळवा धुऊ लागली. कंपासपेटीतल्या कर्कटकाने टोचावं तसे लाल ठिपके होते, एका कमानीत.

शार्दूल तिच्या हातांकडे बघत होता.

"थरथरत नाहीयेत," तो म्हणाला.

"हं."

"कधीपासून?"

सावनीने नळ बंद केला. आता खोटं बोलणं सोपं होतं. प्रसंग पडला म्हणून धीर आला, असं म्हणता आलं असतं. त्याने विश्वासही ठेवला असता.

"त्याने कात टाकली ना... त्याच्याही आधीपासून."

"आणि तू किंचाळत होतीस."

"हो."

"रोज."

"हो."

"का?"

"तू तिकीट बघणार होतास," सावनी म्हणाली.

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते थांबलं, तेव्हा किती शांतता आहे ते कळलं.

"बाबा पडले, सावनी."

"ऐकलं मी. तू तेव्हाच गेला असतास तर पडले नसते, हेही मला कळतंय. मी माफी मागणार नाही. मागितली तर तुला माफ करावं लागेल... आणि आत्ता तुला ते जड जाईल."

तो जमिनीवर बसला, ओट्याला पाठ टेकून. ओला हात मांडीवर उताणा ठेवून. ती समोर बसली. मध्ये फरशीचे दोन चौकोन.

"वेरिबीला एक बाई आहेत," तो म्हणाला. "सापांच्या क्लबच्या. पस्तीस वर्षं अजगर पाळतायत. जूनमध्येच म्हणाल्या होत्या, कधीही आणून सोड, नो वरीज."

सावनीला आधी कळलं नाही. मग कळलं.

"मग मला का..."

"मी त्यांना म्हटलं, केविनला परक्या घराची सवय नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आमच्या घराची बेल मी आयुष्यात कधी वाजवली नाहीये. गाडीचा आवाज ऐकूनच आई दार उघडायची. हातात काहीतरी असायचं, उलथनं, वर्तमानपत्र, काहीही. आता जाऊन बेल वाजवावी लागेल. नाग धरलेत मी, सावनी. मला त्या बेलची भीती वाटते." त्याने मान खाली घातली. "तू हात मागे घ्यायचीस ना... प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. चला, आज नाही जायचं. आणि वर तू उद्याही दिसणार. मला वाटायचं, मी किती नीच आहे, तिच्या भीतीवर जगतोय."

"मी तुझ्यावर जगत होते," सावनी म्हणाली. एवढं सरळ वाक्य ती आजवर कुणाला बोलली नव्हती. ते बोलल्यावर आपण लाजू असं तिला वाटलं होतं. नुसतं हलकं वाटलं.

शार्दूलने चावलेला हात पुढे केला. तिने तो धरला, बाजूने, मधोमध, न आवळता. दोघंही तशीच बसून राहिली. टाकीत केविन जेवणाची वाट बघत होता. त्या दिवशी त्याला जरा उशीर झाला.

"हात पूस," शेवटी ती म्हणाली. "आणि लॅपटॉप आण. तिकीट मी बघते. तू बघायला लागलास तर उद्यावर ढकलशील."

—

त्याला विमान मिळालं तेव्हा शहर अजून उघडलं नव्हतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आणि विमानतळ त्याच्या पलीकडे, त्यामुळे सोडायला जायचा प्रश्नच नव्हता. भर दुपारी टॅक्सी दारात आली. सावनी पायरीवर उभी होती, खांद्यावर केविन. पंजाबी ड्रायव्हरने काच खाली केली, तिच्याकडे पाहिलं आणि काच वर केली.

"डिकी तो खोल दो, भाई साब," शार्दूल म्हणाला.

"आप ही खोल लो जी. मैं यहीं ठीक हूँ," आतून आवाज आला.

बॅगा ठेवून झाल्या. शार्दूल पायरीपाशी आला. त्याने केविनच्या पाठीवरून बोट फिरवलं, मग तेच बोट तिच्या कानामागच्या केसांवरून, मास्कच्या दोरीपर्यंत.

"पोचलो की फोन करतो. दारातूनच. म्हणजे बेल वाजवण्याआधी."

"फोन बंद करू नकोस. मी ऐकते बेल. दोघं मिळून ऐकू."

त्याने मान डोलवली.

"परत कधी येऊ देतील माहीत नाही. सहा महिने, वर्ष... कदाचित नाहीच." त्याने टॅक्सीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ते बबलमधलं माझं नाव काढून टाक. दुसऱ्या कुणाचं तरी दे. मीनाक्षीताईंचं दे. एकटी राहू नकोस इथे."

"नाही देता येत."

"का?"

"मी नियम नीट वाचलेत. एकदा एका माणसाचं नाव दिलं की दिलं. मध्येच बदलता येत नाही." ती मॅनेजरशी बोलताना बोलते त्याच सुरात बोलत होती, डोळ्यांतून मात्र पाणी मास्कमध्ये उतरत होतं. "सरकारने तसं स्पष्ट म्हटलंय."

"आणि तो माणूस देश सोडून गेला तर?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

शार्दूल टॅक्सीत बसला. दार लावलं. टॅक्सी हातभर पुढे गेली आणि थांबली. मग दार पुन्हा उघडलं, तो उतरला, पायरीपर्यंत चालत आला, आणि ड्रायव्हरने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवेपर्यंत तिथेच राहिला.